खोक्यावर 'मेड इन इंडिया', आतला पंप चायनाचा: याला अडवणारा नियम नेमका कुठं आहे?

हिंगणा_वाइंडिंग (प्रश्न)

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत आमचं लहानसं युनिट आहे, कूलरमधले पाण्याचे पंप बनवतो, १८ वॅट आणि ४० वॅटचे. मार्च लागला की नागपुरात घरोघरी कूलर खाली निघते, खस बदलते, आणि मागच्या वर्षीचा पंप जाम निघाला की माणूस लगेच कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जातो. होळी ते मिरग, एवढाच आमचा सीझन, बाकी वर्ष त्याच कमाईवर काढायचं असते.

यंदा एका ब्रँडचा पंप बाजारात आला आहे, नाव घेत नाही. खोक्यावर मोठा तिरंगा, 'मेड इन इंडिया', खाली हिंदीत स्वदेशीचं आवाहन. होलसेलचा रेट आमच्या नुसत्या कच्च्या मालाच्या आसपास. मी एक विकत आणून टेबलावर खोलला. केबलवर बारीक उठावाची अक्षरं असतात ना, ती टॉर्च तिरपी धरून वाचली तं त्यात सीसीसी मार्क, म्हणजे चीनचं सक्तीचं सर्टिफिकेशन. रेटिंगचं स्टिकर हेअर ड्रायरनं गरम करून काढलं तं खाली प्लास्टिकच्या मोल्डिंगमध्येच चिनी अक्षरं. रोटरच्या खाचेत एक छोटं गोल स्टिकर, तेही चिनीत. खोक्यावर फक्त 'मार्केटेड बाय' आणि परराज्यातला पत्ता, 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' नाही आणि आयातदाराचं नावही नाही.

स्वस्त माल आला याचं मला दुःख नाही. चायनाचा माल चायनाचा म्हणून विका ना, ज्याला परवडते तो घेईल, आम्ही आमच्या क्वालिटीवर आणि रिप्लेसमेंटवर लढू. पण गिऱ्हाईक इथला समजून चार पैसे जास्त देते आणि ते पैसे भलत्याच्या खिशात जातात, आणि माझ्याकडे वाइंडिंगवर बसणाऱ्या बायका सीझनमध्येच घरी बसायची वेळ येऊन राहिली, हे मला पटत नाही.

दुसरं म्हणजे माझ्या स्वतःच्या मालाबद्दल. स्टँपिंग इथलं, तांब्याची तार इथली, वाइंडिंग, पॉटिंग (म्हणजे वाइंडिंग रेझिननं बंद करणं), बॉडीचं मोल्डिंग, टेस्टिंग आमच्याच शेडमध्ये. पण मॅग्नेट रोटर आणि सिरॅमिकची शाफ्ट चायनाची, दिल्लीच्या व्यापाऱ्याकडून घेतो, कारण त्या भावात आणि त्या मापाची मला इथे मिळत नाही. मंग मी 'मेड इन इंडिया' छापू शकतो का? किती टक्के इथलं असलं म्हणजे इथलं? अजून मी छापलेलं नाही, फक्त नाव-पत्ता छापतो. जाणकारांनी सांगा, आणि त्या दुसऱ्या पंपाची तक्रार कुठं करायची तेही.

बर्डीचा_पोरगा

दादा बारकोड पाहा ना. ८९० नं सुरू होत असेल तर इंडियाचा, ६९० ते ६९९ असेल तर चायनाचा. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीचं फिरून राहिलं हे.

इतवारी_होलसेल

बर्डीवाल्या भाऊ, ते फिरणारं चूक आहे, कृपा करून पुढे पाठवू नका. ८९० चा अर्थ एवढाच की त्या कंपनीनं तो नंबर भारतातल्या जीएस१ या बारकोड नंबर देणाऱ्या संस्थेकडून घेतला आहे. माल कुठं बनला ते त्यावरून कळत नाही. चीनहून पूर्ण बनलेला माल आणणारा माणूस इथेच नंबर घेते आणि त्याच्या खोक्यावर ८९० येते. म्हणजे ज्याला फसवायचं आहे त्याला या मेसेजचा फायदाच होते, गिऱ्हाईक ८९० पाहून निश्चिंत होते. तसाच दुसरा मेसेज सीई मार्कचा, की ते 'चायना एक्स्पोर्ट' असतं. तेही खोटं, ती युरोपच्या सुरक्षा नियमांची खूण आहे आणि मूळ देशाशी तिचा काही संबंध नाही.

आता दुकानदाराच्या बाजूनं सांगतो, इतवारीत बरीच वर्षं होलसेलला बसतो म्हणून. २०२० मध्ये सीमेवर गलवानचं झालं तेव्हापासून गिऱ्हाईक काउंटरवर येऊन पहिलं वाक्य बोलते, 'चायना नको भाऊ'. दिवाळीच्या लाइटच्या माळा, चार्जर, एमर्जन्सी लाइट, मिक्सरचे जार, सगळ्याला तोच प्रश्न. मागणी बदलली तसे खोके बदलले. माल तोच, रंगसंगती बदलली. एका मालाचा जुना लॉट आणि नवा लॉट माझ्या रॅकमध्ये शेजारी होते, जुन्यावर आयातदाराचं नाव आणि मूळ देश छापलेला, नव्यावर दोन्ही गायब आणि वर तिरंगी पट्टा. आतला तुकडा शेजारी ठेवून पाहिला, स्क्रूचं डोकंसुद्धा सारखं. सप्लायरला विचारलं तर म्हणाला, 'अब यहीं बनता है'. कुठे बनते विचारलं तर कारखान्याचा पत्ता काही आला नाही. मी तो माल परत केला, पण चार गाळे सोडून तोच विकल्या जाऊन राहिला.

आमच्या लाइनमधले बरेच जण म्हणतात की खोक्यावर जे छापून येते ते आम्ही विकतो, आमचा काय दोष. मला हे बरोबर वाटत नाही. रेट ऐकल्याबरोबर आम्हाला कळते माल कुठला ते. तांब्याचा भाव रोज पाहणारा माणूस त्या रेटमध्ये इथं वाइंडिंग होऊ शकत नाही हे जाणत नाही, असं होऊच शकत नाही.

आणि हे फक्त चायनाचं नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेरगावच्या गाड्यांवर पंजाबचा किन्नू नागपुरी म्हणून विकतात. आपल्या शेतकऱ्याचं नाव वापरून दुसरा कमावतो तेव्हा आपण चिडतो. पंपाच्या बाबतीत चिडायला काय हरकत आहे?

सिव्हिल_लाइन्स_वकील

हिंगणावाले, तुमच्या प्रश्नाचे दोन भाग वेगळे करतो कारण कायद्यात ते वेगळ्या खणांत पडतात.

पहिले तो खोका. वजनमापाचा, म्हणजे वैध मापन शास्त्राचा २००९ चा कायदा आणि पॅकबंद वस्तूंचे २०११ चे नियम. त्यात उत्पादकाचं किंवा पॅकरचं नाव-पत्ता, आयात माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं सक्तीचं आहे. २०१७ च्या दुरुस्तीनं, जी १ जानेवारी २०१८ पासून लागू झाली, आयात मालावर मूळ देश किंवा जिथं बनला, जुळवला तो देश लिहिणं सक्तीचं झालं, आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावरही ही माहिती दिसली पाहिजे असं आलं. पुढे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्यावर ती जबाबदारी पुन्हा टाकली. त्यामुळे तुम्ही वर्णन केलेला माल खरंच आयात असेल तर आयातदाराचं नाव नाही आणि देश नाही, या दोन गोष्टींवरच ते प्रकरण उभं राहतं, 'मेड इन इंडिया' खोटं हे सिद्ध करायच्या आधीच. तक्रार जिल्ह्याच्या वैध मापन शास्त्र कार्यालयात लेखी द्या, सोबत बिल, खोका आणि फोटो. १९१५ वरही नोंदवता येते.

अडचण अशी की २००९ च्या कायद्यात अशा खोक्यासाठी पहिल्या वेळेला २५ हजारांपर्यंत दंड, दुसऱ्या वेळेला ५० हजारांपर्यंत. एका कंटेनरमध्ये हजारो पंप येतात, त्याच्यापुढं हा आकडा काहीच नाही, कंपनी दंड भरते आणि पुढचा लॉट छापते.

म्हणून दुसरी वाट लक्षात ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जाहिरातीची व्याख्या फार रुंद आहे, त्यात लेबल, वेष्टन आणि इन्व्हॉइससुद्धा येतं. म्हणजे खोक्यावरचा खोटा 'मेड इन इंडिया' ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते, आणि तिथं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळेला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड लावू शकतं, जाहिरात बंद करायला लावू शकतं. तुम्ही व्यवसायासाठी, पुन्हा विकायला घेतलेल्या मालाबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात ग्राहक म्हणून जाऊ शकत नाही, पण प्राधिकरणाकडे जाणारी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी देता येते. हे फार कमी लोकांना माहीत असतं. घरच्यासाठी पंप घेतलेला माणूस मात्र जिल्हा आयोगात जाऊ शकतो आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी लागत नाही.

तिसरी वाट जुनी आणि कडक. १९९९ चा ट्रेडमार्क कायदा. नाव ट्रेडमार्कचं असलं तरी त्यात 'खोटं व्यापारी वर्णन' हा गुन्हा आहे आणि माल कोणत्या देशात बनला हे त्या वर्णनात स्पष्ट धरलेलं आहे. कलम १०३, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. कलम १०४ तसा माल विकणाऱ्यासाठी, शिक्षा तीच. इतवारीवाल्यांच्या मित्रांनी हे वाचावं. दुकानदार सुटू शकतो, पण त्याला दाखवावं लागतं की त्यानं वाजवी काळजी घेतली होती, संशयाचं कारण नव्हतं, आणि माल कोणाकडून घेतला ते विचारल्यावर सांगितलं. 'खोक्यावर छापलं होतं' एवढ्यानं भागत नाही.

आणि तो तिरंगा. खरा राष्ट्रध्वज खोक्यावर छापला असेल तर १९५० च्या बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्धच्या कायद्यानं केंद्राच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी तो वापरताच येत नाही. बरेच जण म्हणूनच नुसते तीन रंगांचे पट्टे मारतात.

आता तुमचा स्वतःचा प्रश्न, किती टक्के. तिथं खरी पोकळी आहे. दुकानात विकायच्या मालावर 'मेड इन इंडिया' लिहायला किती भाग इथला लागतो, याचा एकही सर्वसाधारण आकडा आपल्या कायद्यात नाही. देश लिहायची सक्ती फक्त आयात मालाला. सुटे भाग आणून इथं जुळवले की तो माल आयात राहत नाही, आणि मग त्याच्यावर काय छापायचं याला माप नाही. मला विचाराल तर सगळ्या घोळाचं मूळ इथं आहे. अगदी उघड खोटं असेल तर कोर्टात टिकतं, पण चार स्क्रू इथं फिरवणाऱ्याला कोणत्या मापानं खोटा ठरवणार?

बर्डीचा_पोरगा

बारकोडचं माहीत नव्हतं, ग्रुपवर सांगतो. मंग सामान्य माणसानं ओळखायचं कसं?

इतवारी_होलसेल

ज्या मालाला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या मार्कची सक्ती आहे तिथं तरी सोपं आहे. चार्जर, पॉवर बँक, एलईडीचे काही प्रकार यांच्यावर आर नंबर, म्हणजे बीआयएसचा नोंदणी नंबर असतो, खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क आणि लायसन्स नंबर. बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाकायचा, कारखान्याचं नाव आणि पत्ता येतो. बाहेरच्या कारखान्यालाही हे नंबर मिळतात, म्हणून मार्क आहे म्हणजे माल इथला असं समजायचं नाही, पत्ता वाचायचा. खोक्यावर मेड इन इंडिया आणि ॲपमध्ये शेन्झेनचा पत्ता असं दिसलं तर तिथंच स्क्रीनशॉट काढून ठेवा, याच्याइतका साफ पुरावा दुसरा नाही.

कॉस्टिंग_धरमपेठ

वकीलसाहेबांनी पोकळीचं सांगितलं ते अगदी खरं, पण आकडे आपल्या देशात आहेत, फक्त ते सामान्य गिऱ्हाइकासाठी नाहीत. मी कॉस्ट ऑडिटचं काम करते, बुटीबोरीच्या काही युनिटांची लोकल कंटेंटची, म्हणजे मालात किती भाग इथला याची सर्टिफिकेटं बनवलेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सरकार स्वतः माल घेतं तेव्हा २०१७ चा मेक इन इंडिया प्राधान्याचा आदेश लागतो. ५० टक्के किंवा जास्त भाग इथला असेल तर क्लास वन पुरवठादार, २० ते ५० मध्ये क्लास टू, २० च्या खाली बाहेरचा. १० कोटींपर्यंतच्या खरेदीला स्वतःचं प्रमाणपत्र चालतं, त्यावर ऑडिटरचं लागतं. खोटं दिलं तर दोन वर्षांपर्यंत सरकारी खरेदीतून बाहेर. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर मूळ देश टाकणं २०२० पासून सक्तीचं आहे. म्हणजे सरकारनं स्वतःच्या पैशासाठी माप ठरवलं, आणि धरमपेठेतली गृहिणी स्वतःच्या पैशानं तोच पंखा घेते तेव्हा तिला काहीच माप नाही. हे मला मनापासून खटकतं.

मात्र तेच सूत्र जसंच्या तसं दुकानात आणलं तर फसगत होईल, ती कशी ते बघा. सूत्र असं: विक्रीची किंमत कर वगळून, त्यातून आयात भागाची किंमत कस्टम ड्युटीसकट वजा, आणि जे उरलं त्याची टक्केवारी. समजा एकानं पंप तयारच ९० रुपयांत आणला आणि २०० ला विकला. सूत्रानं ५५ टक्के इथलं! काहीच न बनवता. नफा आणि मार्जिन सगळं 'स्थानिक' मध्ये जाऊन बसतं. सरकारी खरेदीत हे अडवायला खुलासे काढावे लागले, की वाहतूक, विमा, इन्स्टॉलेशन, ट्रेनिंग, विक्रीनंतरची सेवा हे स्थानिक भागात धरायचं नाही, आणि आयात केलेला माल इथल्या व्यापाऱ्याकडून घेतला म्हणून तो देशी होत नाही.

हे शेवटचं हिंगणावाल्या दादांना लागू आहे. मॅग्नेट दिल्लीच्या बिलावर आला तरी हिशोबात तो आयातच.

म्हणून टक्केवारी ठेवायची तर उत्पादन खर्चावर ठेवायला हवी, विक्रीच्या किमतीवर नको. स्वित्झर्लंडनं १ जानेवारी २०१७ पासून तेच केलं आहे. औद्योगिक मालावर स्विस लिहायचं तर उत्पादन खर्चाचा किमान ६० टक्के भाग तिथला, त्यात संशोधनाचा खर्च धरतात, पण पॅकिंग, वाहतूक, मार्केटिंग धरत नाहीत. शिवाय एक तरी महत्त्वाची पायरी प्रत्यक्ष तिथं झाली पाहिजे. ही दुसरी अट मला फार आवडते कारण ती कागदावर जुळवता येत नाही.

दादा, तुमचा पंप घ्या. कच्चा माल, मजुरी, वीज, शेडचा खर्च सगळं मिळून समजा १४० रुपये पडतात आणि त्यातले मॅग्नेट-शाफ्टचे ३५ रुपये. म्हणजे ७५ टक्के इथलं, आणि वाइंडिंग-पॉटिंग ही पंपाची मुख्य पायरी तुमच्या शेडमध्ये. कोणत्याही शहाण्या नियमात तुम्ही बसता.

पुणे_एक्स्पोर्ट

नागपूरच्या धाग्यात पुण्याहून बोलतोय, चालवून घ्या. कॉस्टिंगताईंशी ९० टक्के सहमत, पण टक्केवारीच्या मागं लागलं की लहान युनिट कागदपत्रांत मरतं हे मी एक्स्पोर्टमध्ये रोज बघतो. आसियान, म्हणजे आग्नेय आशियाई देशांशी झालेल्या करारात सवलतीची ड्युटी घ्यायची तर ३५ टक्के मूल्य त्या देशांतलं आणि टॅरिफचं सब-हेडिंग (कस्टम्सच्या यादीतला मालाचा नंबर) बदललेलं लागतं. त्यातही चायनाचा माल दुसऱ्या देशावरून फिरवून आणायचे प्रकार होतात म्हणून २०२० मध्ये कस्टम्सनं कॅरोटार नियम आणले आणि मूळ देशाचा पुरावा आयातदारानं जवळ ठेवावा असं केलं. मोठी कंपनी त्यासाठी माणूस ठेवते. हिंगण्यातला दहा जणांचा कारखाना कुणाला ठेवणार?

अमेरिकेत टक्का नाहीच. तिथला व्यापार आयोग, एफटीसी, म्हणतो, नुसतं 'मेड इन यूएसए' लिहायचं तर सगळं किंवा जवळपास सगळं तिथलंच हवं. नाहीतर अर्धवट दावा करा, म्हणजे 'अमेरिकेत बनवलं, काही भाग आयात'. २०२१ पासून त्याचा पक्का नियम आहे, आणि २०२४ मध्ये विल्यम्स-सोनोमा नावाच्या घरसामानाच्या कंपनीवर ३१ लाख ७५ हजार डॉलरचा दंड बसला, कारण आधी समज देऊनही चीनमधला माल अमेरिकेचा म्हणून विकत राहिली. मला ही पद्धत जास्त आवडते. लिहायची सक्ती करू नका, पण लिहिलं तर खरं लिहा आणि खोटं निघालं तर मोडून काढा.

कॉस्टिंग_धरमपेठ

पुणेकर, लहान युनिटाची काळजी मलाही आहे, पण तुमच्या अमेरिकन मापानं हिंगणावाल्या दादांना 'मेड इन इंडिया' कधीच लिहिता येणार नाही, मॅग्नेट इथं त्या भावात मिळेपर्यंत. आणि कागदाचं ओझं वाटतं तेवढं नाही. जीएसटीच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी प्रत्येकाकडे आहेत, त्यातून आयात भाग वेगळा काढणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. सरकारनं एका ठराविक उलाढालीखाली स्वतःचं प्रमाणपत्र चालवून घ्यावं आणि तक्रार आली तरच तपासावं. माप नसणं हे मापाच्या ओझ्यापेक्षा लहान माणसाला जास्त मारतं, हे हा धागाच दाखवून राहिला आहे.

पुणे_एक्स्पोर्ट

तक्रारीवर तपासणी असेल तर मला मान्य. पण तपासणी करणार कोण आणि कशावरून? वजनमापाचा निरीक्षक खोका बघेल, कारखाना कसा बघणार?

सिव्हिल_लाइन्स_वकील

हा महत्त्वाचा मुद्दा आहे. हिंगणावाल्यांच्या पुराव्यातही एक भोक आहे, ते आत्ताच बुजवा. मोल्डिंगवर चिनी अक्षरं आहेत याचा अर्थ डाय, म्हणजे साचा, तिथली एवढाच होऊ शकतो. आपल्याकडचे कितीतरी मोल्डर चायनाच्या डाय आणतात. केबलही आयात करून इथं जोडली असं ते म्हणतील. समोरचा वकील पहिल्या तारखेला हेच बोलेल.

खरा पुरावा कस्टम्सकडे असतो. बंदरावर माल सोडवताना बिल ऑफ एंट्रीत मूळ देश लिहावाच लागतो आणि तिथं बहुधा तो खराच लिहिलेला असतो, 'चायना'. खोटं गोदामात आल्यावर सुरू होतं, खोका बदलताना. त्यामुळे तक्रारीत स्पष्ट मागणी करा की संबंधित कंपनीकडून बिल ऑफ एंट्री आणि उत्पादनाच्या जागेचा पत्ता मागवावा. पंप सुटे भाग म्हणून आला की तयार पंप म्हणून, हे टॅरिफच्या नंबरवरूनच कळतं. आज कस्टम्सची नोंद एका खात्यात, खोका दुसऱ्या खात्यात, आणि दोन्ही एकमेकांसमोर ठेवायची रीत नाही. नियम करायचा असेल तर मी पहिला हाच करीन.

इतवारी_होलसेल

आणि विजेचं बिल मागा म्हणावं. जो सीझनला लाखभर पंप इथं बनवतो त्याची मोल्डिंग मशीन हवेवर चालते का? कारखान्याचं वीजबिल आणि कामगारांच्या पीएफचं चलान, हे दोन कागद खोटे बनवणं सोपं नाही. आम्ही काही जणांनी ठरवलं आहे की पुढच्या सीझनला बिलावर उत्पादकाचं नाव आणि जागा लिहून दिल्याशिवाय पंप घ्यायचा नाही. वकीलसाहेबांनी कलम १०४ सांगितलं ते प्रिंट काढून असोसिएशनच्या मीटिंगला नेतो.

हिंगणा_वाइंडिंग

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. पंप मी परत बंद करून खोक्यासकट ठेवला आहे, आणखी एक सील न फोडलेला आज बिल घेऊन आणतो, म्हणजे तपासणाऱ्याच्या हाती कोरा नग राहील. वजनमाप कार्यालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना असे दोन अर्ज करतो, बिल ऑफ एंट्री आणि उत्पादनाच्या जागेची मागणी दोन्हीत टाकतो. आमच्या लाइनमधल्या आणखी दोन युनिटवाल्यांशी बोलणं झालं, तेही सही करायला तयार आहेत.

माझ्या खोक्याचं मात्र सांगा. ७५ टक्के आहे म्हणून नुसतं 'मेड इन इंडिया' छापू का पुणेकर म्हणतात तसं अर्धवट?

कॉस्टिंग_धरमपेठ

आज कायदा तुम्हाला अडवत नाही, तरी मी म्हणेन पूर्ण लिहा. 'नागपूरमध्ये बनवलेला. वाइंडिंग, पॉटिंग, बॉडी आणि टेस्टिंग आमच्या कारखान्यात. मॅग्नेट रोटर आणि शाफ्ट आयात.' उद्या आकडा ५० ठरो का ६०, तुम्हाला खोका बदलावा लागणार नाही. ऑस्ट्रेलियात खाण्याच्या पाकिटांवर १ जुलै २०१८ पासून कांगारूच्या चित्राखाली पट्टी असते, किती भाग तिथला ते त्या पट्टीवर दिसतं, आणि लोकं अर्धी भरलेली पट्टी असलेली पाकिटंही घेतातच.

इतवारी_होलसेल

दादा छापा बिनधास्त, आणि पुढच्या अंगाला छापा, मागं बारीक अक्षरात नको. मी काउंटरवर ते वाक्य गिऱ्हाईकाला वाचून दाखवीन. पहिले पन्नास नग ४० वॅटचे माझ्याकडे पाठवा, आणि तुमचा अर्ज गेला की त्याची पोचपावती इथं टाका, आमच्या गल्लीतले आणखी काही दुकानदार तक्रार करायला तयार होतील.